सबनीसकाकांची बॅटरी

सबनीसकाका आमच्याकडे सत्यनारायणाला आले तेव्हा त्यांच्या झब्ब्याखाली, छातीच्या डाव्या बाजूला, एक लाल दिवा लुकलुकत होता.

कथेत साधुवाण्याची नाव वेलीपानांनी भरली होती आणि सगळे भक्तिभावाने शिऱ्याच्या वासाकडे लक्ष ठेवून बसले होते. पातळ सुती झब्ब्यातून तो दिवा स्पष्ट दिसत होता. पेटायचा, विझायचा, पेटायचा. माझ्या सासूबाई पुण्याहून नुकत्याच आल्या होत्या. त्या माझ्या कानाशी लागल्या, "मधुरा, त्यांना प्रसाद जरा बेतानंच दे हो. पेसमेकर दिसतोय, आणि शिऱ्यात तूप फार झालंय."

आरती झाल्यावर माझ्या नवऱ्याने, म्हणजे प्रसादनेच, न राहवून विचारलं, "काका, हे बीकन आहे ना? अ‍ॅव्हलांचचं?"

"हो."

"मग इथं कशाला घातलंय?"

"बॅटरी किती टिकते ते बघतोय," काका म्हणाले आणि त्यांनी तीर्थासाठी हात पुढे केला.

बीकन म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. डोंगरावरून बर्फाची दरड सुटली आणि माणूस तिच्याखाली गाडला गेला, तर वरच्या लोकांना त्याचा ठाव लागावा म्हणून छातीवर बांधायचं हे यंत्र. एरवी ते 'मी इथं आहे, मी इथं आहे' असा संदेश सोडत राहतं. शोधायची वेळ आली की त्याचा खटका फिरवायचा, मग ते सोडणं थांबवतं आणि दुसऱ्याचं ऐकू लागतं. आम्ही राहतो कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला. इथं बर्फ असतो तो फ्रीजमध्ये, आणि दरड कोसळते ती ऑफिसातून मेल आली की. अशा गावात हा माणूस छातीवर बीकन बांधून वाणसामान आणायला जायचा, लायब्ररीत जायचा, आणि आता पूजेलाही आला होता. सासूबाई त्यांना जाईपर्यंत 'जपा हो' म्हणत राहिल्या.

सबनीसकाका आमच्या टाउनहाउसच्या रांगेत शेवटच्या घरात राहतात. साठी उलटलेली, अंगाने काटक. काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली. जन्मभर सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. दुसऱ्यांनी कौतुकाने बांधलेली वस्तू हातात घ्यायची आणि ती कशी मोडते ते दाखवायचं, याचा त्यांना पगार मिळायचा. निवृत्तीनंतर पगार थांबला, काम चालूच राहिलं. "हे फुटेल कुठं?" हा त्यांचा परवलीचा प्रश्न. नवीन सोफा घेतला, मुलीला कॉलेजात प्रवेश मिळाला, कोणाचं लग्न ठरलं, काका आधी अभिनंदन करणार आणि मग मान कलती करून विचारणार, "छान. आता हे फुटेल कुठं?"

वाईट म्हणजे त्यांचं बहुतेक वेळा खरं ठरायचं. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत त्यांनी स्टेजकडे नुसतं बघून सांगितलं होतं की हा पडदा त्या दिव्याजवळ नको. नाटकाच्या दुसऱ्या अंकात पडद्याला भोक पडलं, धूर झाला आणि अग्निशमन दलाचे दोन धिप्पाड गोरे पुरुष थेट राजदरबारात शिरले. त्यानंतर काकांना आदराने वागवायला हवं होतं. उलट पुढच्या वर्षीपासून तालमीची वेळ त्यांना कोणी कळवेनासं झालं.

पण काका स्वतःच्या घरातही तसेच. कॅलिफोर्नियात भूकंप होतात म्हणून त्यांची कपाटं भिंतीला पट्ट्यांनी आवळलेली, कपबशांना जाळी आणि गणपतीची मूर्ती पाटाला चिकटवलेली. म्हणाले, "तो सगळ्यांना सांभाळतो. त्याला कोण सांभाळणार?" चिकटवायला जे काही आणलं होतं ते इतकं उत्तम दर्जाचं निघालं की विसर्जनाच्या दिवशी मूर्ती पाटावरून हलेना. आम्ही चौघांनी ओढून पाहिलं. शेवटी पाटासकट बाप्पा बादलीत गेले. पाट तरंगायचा आणि बाप्पा उलटे व्हायचे. काका बादलीजवळ उभे राहून गंभीरपणे म्हणाले, "ही केस माझ्या डोक्यात आली नव्हती."

त्यांना एकच मुलगा, अमेय. इथंच जन्मलेला, इंजिनिअर झालेला, चांगल्या कंपनीत लागलेला. तिथं वर्षभर कळ काढून त्याने राजीनामा दिला आणि टाहो तलावाच्या पलीकडच्या एका स्की रिसॉर्टमध्ये स्की पेट्रोलर झाला. भल्या सकाळी, लिफ्ट सुरू व्हायच्या आधी, ही मंडळी उभ्या उतारांवर स्फोटकं टाकतात. सुटायचा तो बर्फ लोक येण्याआधीच सुटावा म्हणून. एकदा पॉटलकला, म्हणजे सगळे आपापला पदार्थ घेऊन जमतात त्या जेवणाला, कोणीतरी सहज विचारलं, "काका, अमेय सध्या काय करतो?"

"बॉम्ब टाकतो," काका म्हणाले.

पानात भरली वांगी वाढणाऱ्या पाटलांचा डाव हवेतच राहिला. "काका, हळू बोला हो," ते दाराकडे बघत म्हणाले, "आमची ग्रीन कार्डं व्हायचीयत अजून."

सगळे हसले. काकाही हसले, पण त्यांचा हात झब्ब्यावरून छातीकडे गेल्याचं मला आठवतं. दिवा लुकलुकत होता.

अमेय तिकडे गेल्यावर काका पन्नाशी ओलांडलेल्या वयात स्की टूरिंग शिकले. लिफ्टने वर जाऊन घसरत खाली यायचं ते स्कीइंग. टूरिंगमध्ये वरही आपल्याच पायांनी जायचं. स्कीच्या तळाला लांबलचक केसाळ पट्ट्या चिकटवतात, त्यांना स्किन्स म्हणतात. त्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. शिखरावर पोचलं की पट्ट्या सोलून काढायच्या आणि उतरायचं. काका घरी आल्यावर त्या पट्ट्या बाल्कनीत, कुरडया घालाव्यात तशा ओळीने वाळत घालत. समोरच्या गोऱ्या बाईंनी एकदा काळजीने विचारलं होतं, हा नक्की कोणता प्राणी.

"काका, तुम्हाला एवढी भीती वाटते आणि हे कशाला?" मी विचारलं होतं.

"टेस्टरने प्रॉडक्ट वापरून बघायला नको?" ते म्हणाले.

प्रसादला या प्रकाराचं वेड लागलं ते काकांमुळेच. आणि प्रसाद जातो म्हणून मी. वास्तविक मी जिन्यात कठड्याला धरून चालणारी बाई. पण घरी बसून नवऱ्याची वाट बघण्यापेक्षा डोंगरावर त्याच्या बरोबर घाबरलेलं बरं, असा मी हिशेब केला.

आमचा डोंगर ठरलेला होता. हायवेच घाटमाथ्यापर्यंत चढत जातो, गाडी लावायची आणि तासाभरात कण्यासारख्या लांब धारेवरून शिखरावर. उन्हाळ्यात लोक तिथं चपला घालून येतात. हिवाळ्यात प्लॅस्टिकच्या घसरगुंड्या घेतलेली पोरं आणि स्वेटर घातलेली कुत्री असतात. मंडळातल्या पुणेकरांनी त्याला 'पर्वती' असं नाव ठेवलं होतं. एका अंगाला पसरट, मवाळ उतार आणि तुरळक झाडं. दुसऱ्या अंगाला मात्र धार एकदम तुटलेली. तिथं वाऱ्याने बर्फाची पुढे आलेली वळचण केलेली असते. वरून ती जमीनच वाटते आणि खाली काहीच नसतं.

या पर्वतीवर काका एव्हरेस्टची तयारी करून यायचे. फावडं, बर्फात खुपसायची लांब काठी, दोऱ्या. शिवाय काकूंच्या एका जुन्या केशरी साडीच्या चिंध्या बांधलेल्या बांबूच्या काटक्या. चढताना थोड्या थोड्या अंतरावर एक काटकी रोवत जायची, उतरताना काढत यायची. कुत्र्यांना फार आवडायच्या त्या. एकदा एक कुत्रं आमची अर्धी वाट तोंडात घेऊन पळालं होतं.

आणि गाडीतून उतरण्याआधी 'भीती सांगणं'. हा काकांचा विधी. हीटर चालू ठेवायचा, दारं बंद, आणि प्रत्येकाने आज आपल्याला कशाची भीती वाटते ते मोठ्याने सांगायचं. "ज्याला कशाचीच भीती नाही त्याने गाडीत बसावं, गाणी ऐकावीत," असा नियम. मी दर वेळी "कड्याची" म्हणायची. प्रसादने पहिल्यांदा "मला कसली भीती, यार काका" असं म्हटलं आणि काकांनी खरोखर किल्ली काढून खिशात टाकली. शेवटी प्रसाद म्हणाला, "हिची." माझ्याकडे बोट होतं. काकांनी थोडा विचार करून ती मान्य केली.

काका स्वतःची कधीच सांगत नसत. "लीडरची शेवटी," असं म्हणायचे आणि दार उघडून उतरायचे.

शिखरावर पोचलं की लोक तलावाचे फोटो काढतात. खरोखरच बघत राहावा असा निळा तलाव. काका त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे. त्या बाजूला दरीपलीकडे दुसरा डोंगर आहे, त्यावर शिवणीच्या दोऱ्यासारख्या लिफ्टच्या रेघा. अमेयचा डोंगर. "व्ह्यू चांगला आहे," एवढंच म्हणायचे आणि पोळीची गुंडाळी सोडायचे.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. आठवडाभर बर्फ पडला होता आणि वारा होता. काकांनी गाडीत बजावलं, "मवाळ अंग ठीक आहे. कड्याच्या बाजूला कोणी ढुंकूनही बघायचं नाही." प्रसादने "हिची" म्हटलं, मी "कड्याची" म्हटलं आणि आम्ही निघालो.

त्या दिवशी पर्वतीवर कोणी नव्हतं. पोरं नाहीत, कुत्री नाहीत. दरीपलीकडून अमेयच्या लोकांच्या स्फोटांचे बार ऐकू येत होते. दर बाराला काका थांबायचे, छातीवर हात ठेवायचे आणि पुन्हा चालू लागायचे. मला वाटलं दम लागतोय.

अर्ध्या वाटेवर माझ्या पायाखाली 'धप्प' झालं. मोठा आवाज नव्हता. गादीवर कोणी बसावं तसा. पण तो माझ्या पायांपासून सुरू होऊन लांबवर जमिनीखालून पळत गेला. मी जागच्या जागी थिजले.

"काका, हे काय होतं?"

"आतला थर बसला." त्यांचा चेहरा उतरला होता. "इथं उतार सपाट आहे, म्हणून नुसता आवाज झाला." सपाट नसता तर काय झालं असतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. खरं तर मला तिथूनच परतायचं होतं. पण शिखर दिसत होतं, जवळ, सोपं.

आम्ही वर पोचलो तेव्हा तलाव नव्हता. ढग चढून आला होता. काका म्हणाले, "स्किन्स काढा. लगेच उतरायचं."

प्रसादच्या स्किन्स माझ्याआधी निघाल्या. त्याला व्हिडिओ हवा होता. "अगं धारेवरून जरा पुढे जाऊन येतो, यार. दोन मिनिटं." काका खाली वाकून माझ्या स्कीशी झटत होते. त्यांनी मान वर केली तेव्हा प्रसादचा निळा कोट धारेवरून पुढे चालला होता. आणि मग कोट नव्हता, धार नव्हती, काहीच नव्हतं.

पांढरा अंधार असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. माझ्या स्कीची टोकं दिसेनात. वर कुठे, खाली कुठे, कळेना. उभी असूनही मी पडतेय असं वाटत होतं. कडा नक्की कोणत्या हाताला होता हे मला आठवेना, आणि ते आठवेना म्हणून मी आणखी घाबरले.

"बस," काका म्हणाले. "बसलेला माणूस कड्यावरून पडत नाही."

मी बसले. काकांनी हाका मारल्या. मी मारल्या. वारा आमच्या तोंडाजवळच हाका गिळत होता. प्रसाद काही बोलला नाही. बडबड करून जीव नकोसा करणारा माझा नवरा, तो एक अक्षर बोलेना. मला रडू आलं आणि गोठेल या भीतीने ते मी आवरलं.

"मधुरा, तुझं बीकन शोधावर टाक," काका म्हणाले. "आपण दोघं सोडत राहिलो तर त्याचं ऐकू येणार नाही."

माझी बोटं बधिर झाली होती, पण मी खटका फिरवला. काकांनी कोटाची चेन उघडली. दिवा लुकलुकत होता. त्यांनी खटक्यावर अंगठा ठेवला आणि ते थांबले.

"काका?"

ते माझ्याकडे बघत नव्हते. जिकडे अमेयचा डोंगर असायला हवा होता तिकडच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत होते.

"काका, काय झालं? तो चालत नाही का?"

"चालतोय," ते म्हणाले. मग फार हळू, शेजारच्या खोलीत जाताना सांगावं तसं, "आलोच," म्हणाले. आणि खटका फिरवला. दिवा विझला.

मी त्यांच्या काठीचा पट्टा धरला आणि आम्ही निघालो. ते एकेक पाऊल टाकण्याआधी समोरचा बर्फ काठीने ठोकून बघत होते. आधी यंत्र गप्प होतं. मग एकदम टिकटिकू लागलं. पडद्यावर बाण आला, आकडा आला आणि आकडा कमी होऊ लागला. मला आनंद व्हायला हवा होता. पण बाण उजवीकडे वळत होता आणि मला आता नक्की आठवलं होतं की कडा उजवीकडे आहे.

प्रसाद एका खुरट्या झाडाला दोन्ही हातांनी मिठी मारून बसला होता. एका पायात स्की, दुसरा पाय रिकामा. त्याच्या पुढ्यात बर्फाचा काठ ताजा तुटलेला होता, ब्रेड मोडावा तसा. त्याच्या पलीकडे ढग वरून खाली नव्हे, खालून वर येत होता. माझ्याकडे बघून त्याने तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. आमच्या हाका त्याने ऐकल्या होत्या. त्याच्याने ओ देववली नव्हती.

मी त्याला धरलं. काका आता त्याला काय बोलतील याची मला धास्ती होती. पण काकांनी आधी स्वतःच्या छातीवरचा खटका मागे फिरवला. दिवा पुन्हा लुकलुकला. तो नीट लुकलुकतोय हे बघून झाल्यावरच त्यांनी आम्हाला आमचेही खटके तपासायला लावले. मग ते प्रसादजवळ बसले आणि म्हणाले, "आता भीती सांग."

"फुटलं, काका," प्रसाद म्हणाला. "पायाखालून फुटलं. मी इथं होतो आणि ते तिथं फुटलं." तो लहान मुलासारखा रडला. काकांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि खिशातून गुळाचा खडा काढून त्याच्या तोंडात घातला.

खाली आम्ही काकूंच्या साडीला धरून आलो. दुसरं कसं सांगू? एक केशरी चिंधी सापडायची, तिच्याजवळ उभं राहायचं, काका पुढे चाचपडत जायचे आणि "आहे" म्हणायचे. मग आम्ही दोघं त्यांच्या आवाजाकडे जायचो. त्या दिवशी काकांनी एकही काटकी उपटली नाही.

गाडीपाशी पोचलो तेव्हा आपण वाचलो म्हणून मी स्टीअरिंगला नमस्कार केला. प्रसाद मागे ब्लँकेटात होता. काका गाडी चालवत होते. ते कोणालाही चालवू देत नाहीत. घाट उतरलो, फोनला रेंज आली आणि माझ्या फोनवर सासूबाईंचे निरोप पटापट पडले. काकांचा फोन समोर अडकवलेला होता. त्यावर काहीच आलं नाही.

पुढे रस्ता अडवला होता. गाड्यांची रांग आणि दिव्यांची पाटी, डोंगरावरचा बर्फ पाडण्याचं काम चालू आहे, थांबा. काकांनी इंजिन बंद केलं. ते एकसारखे फोनकडे बघत होते.

"कोणाची वाट बघताय?" मी विचारलं.

"अमेयची. शिफ्ट संपली की तो अंगठा पाठवतो. नुसता अंगठा, लिहीत काही नाही. एव्हाना येतो."

"रस्ता बंद आहे. कामं चालू असतील, काका."

"हो. असतील."

आम्ही बसून राहिलो. काचांवर बर्फ साचत होता. दूर कुठेतरी एक बार झाला आणि काकांचा हात छातीवर गेला. आता मला कळलं होतं की तो दम नव्हता.

"माझी भीती राहिली सांगायची," काका समोर बघत म्हणाले. "लीडरची शेवटी असते ना."

मी त्यांच्याकडे वळले.

"सकाळी तो बीकन चालू करतो. तेव्हाच मी माझं करतो. घरी असेन, दुकानात असेन. तो काम संपवून अंगठा पाठवतो, मग मी बंद करतो. मला काय माहीत नाही का, मधुरा? याची रेंज पन्नास-साठ मीटर. फ्रीमाँटहून काय, त्या शिखरावरूनही ते पोचत नाही. जन्मभर लोकांना सांगितलं, हे चालणार नाही, हे फुटेल. आणि हे तर मुळातच चालत नाही. पण दोघांचं एका वेळी चालू असावं, एवढंच. आणि आज मी मधेच बंद केलं."

मागे प्रसाद ब्लँकेटातून हळूच उठून बसला. "माझ्यामुळे," तो म्हणाला.

"तुझ्यामुळे नाही रे. करायलाच हवं होतं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन." काकांनी चष्मा काढून पुसला. "फक्त तो अंगठा येऊ दे."

मी इंजिनिअर आहे. माझा नवरा इंजिनिअर आहे. त्या गाडीत आम्ही दोघं इतके घाबरून त्या फोनकडे बघत होतो की जणू तो खटका फिरवल्यामुळे खरोखर काहीतरी होणार होतं. मी मनातल्या मनात सत्यनारायणाचा नवस बोलले. पाटी तशीच होती. पुढच्या गाडीतले लोक उतरून कॉफी पीत उभे होते आणि हसत होते. मला त्यांचा फार राग आला.

मग फोन उजळला. अंगठा आला होता. एकच, पिवळा, नेहमीसारखा.

काकांनी तो बराच वेळ बघितला. मग एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत, उत्तर टाइप केलं, 'जेव.' छातीवरचा खटका बंद केला, दार उघडून खाली उतरले आणि प्रसादच्या हातात किल्ली दिली. "तू चालव," म्हणाले. "आणि हे बीकनचं अमेयला कळू देऊ नका. म्हणेल, बाप खुळा आहे."

मार्चअखेर काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. नेणार मीच होते. डॉक्टरीणबाईंना त्यांनी विचारायचं ते विचारलंच, "हे फुटेल कुठं?" म्हणजे जसंच्या तसं इंग्रजीत. बाई बिचाऱ्या दोन पावलं मागे सरकल्या.

आत नेण्याआधी नर्सने अंगावरच्या सगळ्या वस्तू काढून ठेवायला सांगितल्या. चष्मा, घड्याळ, अंगठी. काकांनी फोन माझ्याकडे दिला. मग शर्टाची बटणं सोडली आणि पट्ट्यासकट ते यंत्र उतरवलं. त्यांनी ते ट्रेमध्ये ठेवलं नाही. दिवा लुकलुकत होता. ते हातात धरून उभे राहिले आणि माझ्याकडे बघेनात.

"तिकडे काल पुन्हा पडलाय बर्फ," ते म्हणाले. "बराच."

मी हात पुढे केला. पट्टा मला मोठा होत होता, त्यांनीच तो आवळून दिला. नर्सने ट्रे उचलला.

वेटिंग रूममध्ये मी टेकून न बसता ताठ बसले, खटक्याला धक्का लागू नये म्हणून. काकांचा फोन मांडीवर होता. समोरच्या टीव्हीवर कोणीतरी केक बनवत होतं. अंगठा यायला अजून अवकाश होता हे मला ठाऊक होतं, तरी मी दर थोड्या वेळाने फोन उलटा करून पाहत होते.

तेवढ्यात मंडळातल्या कुलकर्णीकाकू समोरून आल्या. त्या डोळे तपासायला आल्या होत्या. माझ्या शेजारी बसल्या, इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग त्यांची नजर माझ्या कुर्त्यावर थांबली.

"अगं मधुरा, हे काय लुकलुकतंय?"

मी ओढणी त्यावरून नीट घेतली.

"काही नाही हो, काकू," मी म्हटलं, "बॅटरी किती टिकते ते बघतेय."